सूत्र आधी की अंक आधी? आयनिक संयुगांच्या सूत्रलेखनाचे परीक्षण

आयनिक संयुगाचे सूत्र लिहिण्याची एक पद्धत रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनात सर्वत्र रूढ झाली आहे. धन आयनाची संज्ञा डावीकडे आणि ऋण आयनाची उजवीकडे मांडावयाची; प्रत्येकीच्या माथ्यावर तिचा ऑक्सिडीकरण अंक लिहावयाचा; मग अधिक-उण्याची चिन्हे टाकून देऊन डावीकडील अंक उजव्या संज्ञेच्या पायाशी आणि उजवीकडील अंक डाव्या संज्ञेच्या पायाशी तिरकस उतरवावयाचा; दोन्ही अंकांस सामाईक अवयव असल्यास त्याने भागावयाचे. अ‍ॅल्युमिनियमचा अंक +३, ऑक्सिजनचा −२; म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणू व ऑक्सिजनचे तीन. कॅल्शियमचा अंक +२, ऑक्सिजनचा −२. म्हणून दोनास दोन, आणि भागाकारानंतर एकास एक. ही पद्धत सोपी आहे, परीक्षेस सोयीची आहे आणि बहुतेक वेळा तिचे उत्तर बरोबर येते. या शेवटच्या गुणामुळेच तिची चिकित्सा कोणी करीत नाही. पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थीसुद्धा ती मनात बाळगूनच येतो, आणि पाऱ्याच्या अथवा शिशाच्या एखाद्या संयुगापाशी अडखळला की दोष त्या संयुगाच्या माथी मारून त्याला ‘अपवाद’ म्हणून मोकळा होतो.

पद्धतीचा मूळ प्रश्न असा की, हे अंक येतात कोठून? विद्यार्थी म्हणेल, कोष्टकातून. कोष्टक करणाऱ्याने ते कोठून घेतले? लोहाचा अंक +३ असे कोष्टक सांगते, कारण तांबड्या लोह-ऑक्साइडमध्ये लोहाचे दोन अणू व ऑक्सिजनचे तीन अणू आहेत, ऑक्सिजनचा अंक −२ धरावयाचा असा संकेत आहे आणि सर्व अंकांची बेरीज शून्य आली पाहिजे असा दुसरा संकेत आहे. म्हणजे अंक सूत्रावरून काढला. आणि आता तेच सूत्र त्या अंकावरून ‘सिद्ध’ करावयाचे. न्यायशास्त्रात ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो हाच दोष. स्मरणास साहाय्य म्हणून अशा चक्राचा उपयोग असू शकेल. परंतु स्मरणाच्या युक्तीला जेव्हा उपपत्तीचे स्थान दिले जाते तेव्हा ज्ञानाची दिशाच उलटी होते.

ती दिशा मुळात कोणती होती हे तांबड्या लोह-ऑक्साइडच्याच इतिहासावरून पाहता येते. लोहाच्या दोन ऑक्साइडांत तेवढ्याच लोहामागे ऑक्सिजनचे प्रमाण दोनास तीन पडते, एवढे बर्झीलियसला तराजूवरून ठाऊक होते. आरंभी त्याने दोहोंत लोहाचा एकच अणू धरून एकात ऑक्सिजनचे दोन व दुसऱ्यात तीन अणू मानले. प्रमाणाच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. पुढे मिट्शरलिखने असे दाखविले की, सारख्या घडणीच्या संयुगांचे स्फटिकही बहुधा सारख्या आकाराचे असतात. क्रोमेट व सल्फेट यांचे स्फटिक एकरूप, म्हणून क्रोमिक अम्लात क्रोमियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे तीन अणू. क्रोमियमच्या हिरव्या ऑक्साइडात तेवढ्याच क्रोमियममागे ऑक्सिजन याच्या निम्मा, म्हणून तेथे दोनास तीन. आणि हिरवे ऑक्साइड, तांबडे लोह-ऑक्साइड व अ‍ॅल्युमिना ही एकमेकांची जागा घेऊ शकतात, म्हणून त्या तिन्हींतही दोनास तीन. क्रोमियमची तुरटी, लोहाची तुरटी आणि नेहमीची तुरटी या तिघींचे स्फटिक अष्टफलकीच असतात, हा या अनुमानाला आधार. बर्झीलियसच्या १८२६ च्या अणुभार-कोष्टकात ही दुरुस्ती झालेली आहे. फ्रँकलंडने संयुजेची कल्पना मांडली ती १८५२ मध्ये. आर्‍हेनियसचा आयनवाद १८८० नंतरच्या दशकातला. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. आणि ‘ऑक्सिडीकरण अवस्था’ ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ झाली ती लॅटिमरच्या १९३८ च्या ग्रंथापासून. दोनास तीन हे सूत्र या सर्वांपेक्षा वडील आहे. ज्या अंकातून ते निघते असे वर्गात शिकविले जाते त्या अंकाहून ते शंभरावर वर्षांनी जुने आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म असून तो शब्दयोजनेचा आहे. आयनावरील प्रभार आणि ऑक्सिडीकरण अंक या दोन वस्तू एक नव्हेत. प्रभार ही मोजता येण्यासारखी वस्तू आहे. द्रावणाची विद्युत्‌वाहकता, गोठणबिंदूतील उतार, विद्युत्‌विच्छेदनात निघालेल्या धातूचे वजन यांच्या साहाय्याने त्याचा निर्णय होतो. ऑक्सिडीकरण अंक हा हिशेबाचा संकेत आहे. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येचा आशय असा की, भिन्न मूलद्रव्यांच्या अणूंमधील बंध पूर्णतः आयनिक आहेत असे समजून चालल्यास अणूवर जो प्रभार उरेल ती त्याची ऑक्सिडीकरण अवस्था. ‘समजून चालल्यास’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. सल्फेटातील गंधकाचा अंक +६ आहे. याचा अर्थ गंधकाच्या अणूवर सहा एककांचा धन प्रभार प्रत्यक्ष आहे असा कोणीही रसायनज्ञ करणार नाही.

आता याच सल्फेटाचे उदाहरण घेऊन रूढ पद्धत काय करते ते पाहावे. पोटॅशियम सल्फेटचे सूत्र लिहिताना तिरकस उतरविला जातो तो गंधकाचा +६ नव्हे, तर समग्र सल्फेट आयनाचा −२ हा प्रभार. ऑक्सिजनचा अंकही −२ असल्यामुळे येथे घोटाळा लपून राहतो. नायट्रेट घेतले की तो उघडा पडतो. नायट्रोजन +५, ऑक्सिजन −२ आणि उतरवावयाचा अंक मात्र १. हा कोणत्याच घटकाचा ऑक्सिडीकरण अंक नाही. अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे दोन अणू आहेत, एकाचा अंक −३ व दुसऱ्याचा +५. त्यांपैकी कोणताही अंक सूत्र लिहिण्याच्या कामी येत नाही. तात्पर्य, ‘ऑक्सिडीकरण अंकांवरून सूत्र’ हे पद्धतीचे नाव तिच्या पहिल्या काही उदाहरणांपुरतेच खरे आहे. मूलके आली की पद्धत गुपचूप प्रभारांकडे वळते, आणि हे वळण विद्यार्थ्याला सांगितले जात नाही.

नामकरणाच्या शास्त्रात हा भेद कधीच ओळखला गेला आहे. आल्फ्रेड श्टॉकने १९१९ मध्ये धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहिण्याची सूचना केली. तो अंक ऑक्सिडीकरणाचा. यूएन्स व बॅसेट यांनी १९४९ मध्ये आयनाच्या नावापुढे त्याचा प्रभार चिन्हासह साध्या अंकात लिहिण्याची रीत सुचविली. लोहाच्या किंवा तांब्याच्या साध्या आयनांपुरते पाहिले तर दोन्ही रीतींत लिपीपलीकडे फरक दिसत नाही. मग दोन रीतींची गरज काय, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने पाऱ्याच्या क्षारांकडे जावे.

कॅलोमेल या नावाने औषधिशास्त्रात प्रसिद्ध असलेल्या मर्क्युरस क्लोराइडमध्ये पाऱ्याचे व क्लोरीनचे अणू एकास एक या प्रमाणात आहेत. पाऱ्याचा ऑक्सिडीकरण अंक +१, क्लोरीनचा −१. तिरकस पद्धतीने एकास एक हेच सूत्र येते, आणि पूर्वी अनेक ग्रंथकार ते तसेच लिहीत असत. परंतु एकएकटा, एक धन प्रभाराचा पाऱ्याचा आयन खरोखर असेल तर त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो, आणि असा पदार्थ चुंबकाकडे ओढला गेला पाहिजे. कॅलोमेल तसा ओढला जात नाही. क्ष-किरणांनी त्याच्या स्फटिकाचे निरीक्षण केले असता पाऱ्याचे अणू जोडीजोडीने बसलेले आढळले. तथापि स्फटिकातील जोडी द्रावणातही टिकते काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर कलकत्त्यात लागलेल्या शोधाने दिले. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम शोधून काढला त्याच्या साहाय्याने वुडवर्डने १९३४ मध्ये मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणाचा वर्णपट घेतला, आणि त्यात पारा-पारा बंधाच्या कंपनाची रेषा मिळाली. एकट्या अणूच्या आयनाला अंतर्गत कंपन असूच शकत नाही. ज्या अर्थी कंपन आहे त्या अर्थी आयनात दोन अणू आहेत. म्हणून मर्क्युरस आयन हा दोन अणूंचा असून त्यावर एकूण +२ प्रभार आहे, आणि कॅलोमेलचे सूत्र दोनास दोन असे लिहिले पाहिजे. श्टॉकच्या रीतीने येथे रोमन एक लिहावा लागतो, यूएन्स-बॅसेट यांच्या रीतीने ‘द्वि-पारा, दोन अधिक’. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

याच कलकत्त्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी मर्क्युरस नायट्राइट तयार करून १८९६ मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले होते. पिवळे स्फटिक हाती आले होते, घटकांचे वजनी प्रमाण ठरले होते. जोडीच्या आयनाचा पुरावा मात्र वजनांत नसतो. एकास एक आणि दोनास दोन यांचे शेकडा प्रमाण तेच. सूत्राचा एक अंश तराजू देतो आणि दुसरा देत नाही, हे या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

आता पद्धतीची शेवटची पायरी, सामाईक अवयवाने भागण्याची, पाहावी. कॅल्शियम ऑक्साइडच्या दोनास दोनला भागावयाचे, पण कॅलोमेलच्या दोनास दोनला भागावयाचे नाही. सोडियम पेरॉक्साइडच्या दोनास दोनलाही नाही. हुशार विद्यार्थी येथे ‘का?’ असे विचारतो आणि बहुधा त्याला ‘हे लक्षात ठेवा’ असे उत्तर मिळते. वास्तविक उत्तर विद्यार्थ्याला समजण्यासारखे आहे. कॅल्शियम ऑक्साइडच्या स्फटिकात दोन-दोन अणूंचा असा कोणताही वेगळा गट नाही. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा शेजारी आहेत आणि ही रचना स्फटिकाच्या कडेपर्यंत चालू राहते. तेथे सूत्र केवळ प्रमाण सांगते, आणि प्रमाण लहानात लहान अंकांत सांगणे सोयीचे. कॅलोमेलमधील पाऱ्याची जोडी व पेरॉक्साइडातील ऑक्सिजनची जोडी हे खरोखर अस्तित्वात असलेले गट आहेत. त्यांना भागणे म्हणजे बंध तोडणे होय. अंकगणिताला हा भेद कळत नाही, कारण त्याच्यापुढे फक्त दोन आणि दोन असतात.

प्रमाण सांगणारे सूत्र आणि गट सांगणारे सूत्र यांतील हा भेद पचविणे मोठमोठ्यांनाही सोपे गेले नाही. १९१३ मध्ये ब्रॅगने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली व त्यात सोडियम क्लोराइडचा रेणू म्हणून काही नाही असे प्रतिपादन झाले. १९२७ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, हेन्री आर्मस्ट्राँगने ‘नेचर’ नियतकालिकात या प्रतिपादनावर त्वेषाने हल्ला चढविला. बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी रसायनशास्त्राला आणि सामान्य बुद्धीला मान्य होण्यासारखी नाही, असा त्याचा आक्षेप होता. आर्मस्ट्राँगची चूक झाली हे निर्विवाद. पण तो संयुजेच्या जनकाचा, फ्रँकलंडचा, शिष्य होता. एका सोडियमला एक क्लोरीन असा जोडा डोळ्यांपुढे ठेवूनच त्याने आयुष्यभर विचार केला होता. तिरकस बाणांची आकृती आजच्या विद्यार्थ्याच्या मनात तोच जोडा पुन्हा उभा करते. आर्मस्ट्राँगने निदान हरकत तरी घेतली. विद्यार्थी दोन्ही गोष्टी एकाच वहीत शेजारी शेजारी उतरवून घेतो.

बेरियम पेरॉक्साइड व शिशाचे डायऑक्साइड ही जोडी या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. दोहोंत धातूच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन. ऑक्सिजनचा अंक −२ धरला तर दोन्ही धातू +४ ठरतात. परंतु बेरियमच्या संयुगावर थंड, विरल गंधकाम्लाची क्रिया केली असता बेरियम सल्फेटचा पांढरा साका बसतो आणि द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड येते. थेनारने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड प्रथम मिळविले ते बेरियमच्या याच संयुगापासून. शिशाच्या डायऑक्साइडपासून अशा रीतीने हायड्रोजन पेरॉक्साइड मिळत नाही. उलट ते हायड्रोक्लोरिक अम्लातील क्लोरीन मुक्त करते. म्हणून बेरियम +२ आणि ऑक्सिजनची जोडी मिळून −२. शिसे मात्र खरोखर +४. अंक येथे सूत्राने ठरविले नाहीत, परीक्षानळीने ठरविले. लोखंडाच्या सुवर्णमाक्षिकातही हेच: गंधकाचे दोन अणू जोडलेले आहेत आणि लोह +२ आहे; सूत्रावरून भोळेपणाने काढला जाणारा +४ नव्हे.

हे सारे विवेचन ऑक्सिडीकरण अंकाच्या विरुद्ध आहे असा समज होऊ नये. अंकाची योग्यता त्याला योग्य जागी ठेवल्यावरच दिसते, आणि ती जागा सूत्राच्या नंतरची आहे. मारुतीच्या मूर्तीला चढविला जाणारा शेंदूर, म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, आणि लोहचुंबकाचे खनिज मॅग्नेटाइट ही दोन्ही संयुगे तीनास चार या प्रमाणाची आहेत. दोहोंत धातूच्या अंकाची सरासरी आठ-तृतीयांश येते. असा अपूर्णांक कोणत्याच कोष्टकात नसल्यामुळे तिरकस पद्धत येथे मुळातच खुंटते. पण सूत्र हाती असलेल्या अभ्यासकाला हा अपूर्णांकच प्रश्न विचारावयास लावतो: आठाची विभागणी कशी झाली असावी? शिशाचे आयन +२ व +४ हे परिचित आहेत, म्हणून दोन, दोन आणि चार. शेंदुरावर विरल नायट्रिक अम्ल ओतले की रंग बदलतो; शिशाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रेट होऊन विरघळतो आणि उरलेला एक-तृतीयांश तपकिरी डायऑक्साइडच्या रूपाने तळाशी राहतो. विभागणीचे अनुमान डोळ्यांदेखत खरे ठरते. लोहाचे परिचित अंक +२ व +३. म्हणून तेथे तीन, तीन आणि दोन. बेरीज तीच, घडण निराळी. शिवाय मॅग्नेटाइटमध्ये, स्फटिकातील विशिष्ट जागांपुरते पाहता, नेहमीच्या तापमानाला कोणता अणू +२ व कोणता +३ हे कायमचे सांगता येत नाही. इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सरकत असतात आणि त्यामुळे ते खनिज विजेचे वहनही बरेच चांगले करते. सुमारे १२० केल्विन तापमानाखाली ही वाहकता एकदम घसरते. फर्वेने १९३९ मध्ये त्याचा संबंध इलेक्ट्रॉनांच्या सुव्यवस्थित मांडणीशी जोडला. त्या थंड अवस्थेतील नेमकी मांडणी कशी, यावर पुढे अनेक दशके वाद चालला.

याहून बोलके उदाहरण वुस्टाइटचे. तिरकस पद्धतीचे अगदी पहिल्या पाठातले उत्तर, लोह +२ व ऑक्सिजन −२ म्हणून एकास एक, हे ज्या खनिजाचे म्हणून सांगितले जाते त्या खनिजात नेहमीच्या दाबाखाली एकास एक हे प्रमाण सापडतच नाही. लोह नेहमी काहीसे कमी भरते. समजा, ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोहाचे ९५ आहेत. ऑक्सिजनचा एकूण ऋण प्रभार २०० एकके. लोहाचे सर्व अणू +२ असते तर धन प्रभार १९० झाला असता. उणीव दहाची. म्हणून दहा अणू +३ असले पाहिजेत व पंचाऐंशी +२, आणि स्फटिकात लोहाच्या पाच जागा रिकाम्या. विश्लेषणातून आलेल्या एका अंकावरून आयनांची वाटणी व रिकाम्या जागांची संख्या या दोन्ही गोष्टी कळल्या. ऑक्सिडीकरण अंकाचे खरे कर्तृत्व हे. आणि ते तेव्हाच प्रकट होते जेव्हा सूत्र प्रयोगातून आलेले असते, अंकातून नव्हे.

रूढ पद्धतीचे समर्थक म्हणतील की, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे फर्वे आणि वुस्टाइट मांडणे हे अध्यापन नव्हे. हे मान्य केलेच पाहिजे. प्रारंभी काहीतरी सोपे हवे, आणि परिचित आयनांचे प्रभार पाठ असणे हे पाढे पाठ असण्यासारखेच आवश्यक आहे. परंतु सोपे याचा अर्थ कारणरहित असा होत नाही. चिन्हे टाकून अंकांची अदलाबदल करण्याऐवजी ‘एकूण धन प्रभार व एकूण ऋण प्रभार समान’ एवढेच सांगितले तर त्यास अधिक वेळ लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे दोन आयन मिळून सहा धन, ऑक्साइडचे तीन मिळून सहा ऋण: येथे दोन व तीन कोठून आले हे दिसते, बाणांच्या आकृतीत ते फक्त घडते. शिवाय ही रीत दोनच्या ऐवजी तीन आयन आले तरी चालते, आणि तेथे तिरकस पद्धतीला बाण कोणाकडून कोणाकडे काढावा हेच कळत नाही.

तुरटीचेच पाहावे. पोटॅशियम एक, अ‍ॅल्युमिनियम तीन, मिळून चार धन. सल्फेट दोन, मिळून चार ऋण. हिशेब जुळला, आणि विद्यार्थी लेखणी खाली ठेवतो. परंतु तुरटीच्या सूत्रात पाण्याचे आणखी बारा रेणू आहेत. त्यांच्यावर प्रभार नाही, त्यांच्याविना बेरीज शून्यच येते, आणि कोणत्याही कोष्टकातील कोणत्याही अंकावरून ते बारा आहेत, अकरा किंवा तेरा नाहीत, हे काढता येत नाही. मुशीत तुरटी तापवावी लागते, ती फुगून तिची लाही होते, पुन्हा पुन्हा वजन करावे लागते, आणि पाणी पूर्ण गेल्यावर मूळ वजनात सुमारे ४५.६ टक्के घट भरते. बारा हा आकडा त्या घटीवरून येतो.